खाली न उतरणारी माणसं

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाढदिवस साजरे होतात. त्या महिन्यात जन्मलेल्यांची नावं वाचतात, एकेकानं उठून पुढे यायचं, गुलाबाचं फूल घ्यायचं, मग सगळ्यांना बटाटेवडा आणि चहा. गेल्या वर्षी एका शनिवारी एक नाव वाचलं गेलं आणि कुणीच उठलं नाही. चिटणीस क्षणभर थांबले, त्यांनी पुढचं नाव वाचलं. टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी मी विचारलं, "त्या हल्ली दिसत नाहीत?" एक जण म्हणाले, पुण्याला मुलाकडे असतील. एक बाई म्हणाल्या, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना? तिसऱ्यांचा तर समज असा होता की त्या गेल्याच. यादीत नाव राहिलं होतं ते केवळ आजीव सभासद असल्यामुळे.

त्या कुठेही गेल्या नव्हत्या. आमच्या विरंगुळा केंद्रापासून चालत सहा-सात मिनिटांवर, सिडकोच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होत्या. लिफ्ट नाही. चौदा महिन्यांत दोनदा खाली आल्या होत्या, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. तेव्हाही दोघा जणांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं.

मी नेरूळला राहते, माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं. ही दोन्ही शहरं म्हाताऱ्या माणसांसाठी काहीच करत नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. नवी मुंबई महापालिकेनं नोडानोडांत, म्हणजे विभागाविभागांत, विरंगुळा केंद्रं बांधली आहेत. तिथे वर्तमानपत्रं येतात, कॅरम आहे, रक्तदाब तपासायची शिबिरं होतात. ठाण्यात तलावपाळीवर आणि उपवनला सकाळी इतके कट्टे भरतात की नवख्याला बसायला जागा मिळायची नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, गडकरी रंगायतन आहे, भजनी मंडळं आहेत. शिवाय हास्यक्लब. ही चाल अंधेरीच्या लोखंडवालात १९९५ साली पाच माणसांनी सुरू केली आणि आता जगभर गेली. हे सगळं चांगलंच आहे, मी स्वतः त्यातलं निम्मं उपभोगते. पण या सगळ्यांची एक न लिहिलेली अट आहे: तुम्हाला खाली उतरता आलं पाहिजे.

आपले बहुतेक उपक्रम जे येतात त्यांच्यासाठी आहेत, आणि जे येतात ते मुळात सर्वांत एकाकी नसतातच. इथून पुढचा रुपया आणि इथून पुढचा तास खाली न उतरणाऱ्यांकडे वर चढून जाण्यावर खर्च व्हायला हवा, एवढंच मला म्हणायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांतला एक एकाकी आहे आणि एकाकीपणाशी जोडता येतील असे मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त आहेत, हे आकडे वर्तमानपत्रांत गाजले. कमी गाजलेली गोष्ट अशी, की एकटं वाटण्याचं प्रमाण त्या अहवालात तरुणांमध्ये जास्त निघालं, म्हाताऱ्यांमध्ये कमी. आमच्या संघात ही बातमी वाचून एक जण खूश झाले, "बघा, आपण बरे!" पण त्याच अहवालात आणखी एक अंदाज आहे. माणसांपासून तुटलेले, म्हणजे ज्यांचा इतरांशी संबंधच फारसा उरलेला नाही असे लोक म्हाताऱ्यांमध्ये तिघांत एक असू शकतात.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एकटं वाटणं हे मनातलं आहे. घरात सात माणसं असूनही वाटतं, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते महापालिकेला कळायचा मार्ग नाही. तुटलेपण मात्र मोजता येतं. गेल्या आठवड्यात तुम्ही किती माणसांशी बोललात? दारापर्यंत कोण आलं? शेवटचं खाली कधी उतरलात? एखादी चौथी पास बाईसुद्धा वहीत या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून आणू शकते. एकटं वाटण्याच्या मागे लागून आपण समुपदेशनाची पत्रकं छापतो, व्याख्यानं ठेवतो, 'मन करा रे प्रसन्न' म्हणतो. तुटलेपणावरचे उपाय मात्र जिना, कठडा, खुर्ची, फोन, ठरलेला वार, ठरलेलं माणूस, असे अगदी साधे असतात. बहुधा म्हणूनच त्यांचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

जिन्याचंच घ्या. वाशी, नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे इथल्या सिडकोच्या जुन्या इमारती तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या. ऐंशीच्या दशकात तिशीतली जोडपी तिथे राहायला आली, तेव्हा तिसरा मजला म्हणजे वारा आणि उजेड. तीच माणसं आता पंचाहत्तरीला आली आहेत. मजला तोच आहे, पण रोज थोडा थोडा उंच होत जातो. अशा घरात राहणारी बाई आधी संध्याकाळचं फिरणं सोडते, मग लग्नकार्यं, मग देऊळ, मग भाजी. प्रत्येक वेळी कारण निराळं असतं आणि त्या त्या वेळी पटतंही. वर्षभरानं लक्षात येतं की सगळ्या कारणांचं मिळून एक दार झालंय आणि ते बंद आहे.

लिफ्ट आली की प्रश्न सुटतो असंही नाही. माझ्या आईची गोष्ट सांगते. नौपाड्यातली आमची इमारत तीन मजली होती, पुढे सामाईक गॅलरी. दूध घ्यायला दार उघडलं की चार जणींशी बोलणं व्हायचं. कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि वाटीही यायची. पुनर्विकास ठरला तेव्हा आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सगळे भाड्यानं पांगले. कुणी घोडबंदर रोडला, कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला. 'दोन वर्षांत परत' होता होता चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत जुन्या शेजारणींपैकी तिघी गेल्या. आईला त्यातल्या दोघींचं दहाव्या-बाराव्या दिवशी कळलं. परत आली ती चौदाव्या मजल्यावर. फ्लॅट मोठा, संडास दोन, खिडकीतून पार येऊरचा डोंगर दिसतो. पोडियमवर 'सीनियर सिटिझन कॉर्नर' नावाचा एक गोलाकार ओटाही आहे आणि त्यावर दुपारी ऊन असतं. मजल्यावरची बाकीची तीन घरं विक्रीतली, नवी माणसं, सगळी कामाला जाणारी. त्यांचा स्वभाव वाईट नाही. ती दिवसा नसतात, एवढंच.

ठाण्यात अशा इमारती आता गल्लोगल्ली पडताहेत आणि उभ्या राहताहेत. पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडं, पार्किंग यावर रात्री अकरापर्यंत हातघाई होते. आमच्याही झाली, मी हजर होते. नव्या इमारतीत कुणाच्या शेजारी कोण राहणार, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. न्याय झाला, तक्रारीला जागा नाही. पण सत्तरीपुढच्या सभासदांना चिठ्ठीआधी एक मुभा देता आली असती: ज्यांना एका मजल्यावर राहायचं असेल त्यांनी जोडीनं चिठ्ठी टाकावी. बिल्डरला एक पैसा जास्त पडला नसता. भाड्याच्या वर्षांत तिमाहीला एकदा सगळ्या जुन्या मंडळींना एका जागी आणायचं, गाडीभाडं सोसायटीनं द्यायचं, असं करारनाम्यात एक कलम टाकता आलं असतं. मला तेव्हा सुचलं नाही, याची चुटपुट आहे.

सीबीडी बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज वसाहत चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखली, तेव्हा सात-सात घरं एका लहानशा चौकाभोवती बसवली होती. दारातून बाहेर पडलं की समोर कुणीतरी दिसलंच पाहिजे, अशी ती रचना. पुढे लोकांनी घरं पाडून मजले चढवले, तरी चौक राहिले. म्हणजे हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही, याच शहरात करून बघितलेलं होतं. गावठाणांचा दाखला मात्र मी जपून देते. आगरी आज्या ओट्यावर बसलेल्या असतात, तिथे कसलं आलंय एकटेपण, असं टॉवरमधले लोक कौतुकानं म्हणतात. गरजेपोटी बांधलेल्या चार-पाच मजली घरांनी ते ओटे कधीच गिळले आहेत. आजी आता वरच्या मजल्यावर आहे आणि खाली भाडेकरू.

आता जरा वाकडी वाट करते. मी बँकेत होते. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्त मंडळी इस्त्रीचे कपडे घालून, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहाच्या आधीच रांगेत. आम्ही वैतागायचो, कारण काम दोन मिनिटांचं आणि माणूस हलायचा नाही. मागच्या बाकावर जुने सहकारी भेटलेले असायचे. कोण गेलं, कुणाचा नातू कुठे, कुणाची बायपास कुठे झाली. २०१४ मध्ये डिजिटल दाखला आला, २०२१ पासून मोबाइलसमोर नुसता चेहरा धरला तरी चालतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे वरदान आहे आणि मी त्याच्या बाजूचीच आहे. पण वर्षातून एकदा हक्कानं घराबाहेर पडायचं एक कारण त्यात गेलं, याची नोंद कुठल्याच फायलीत नाही. भाजी, दूध, औषधं यांचंही तेच. दहा मिनिटांत दारात. पिशवी ठेवून, फोटो काढून पोरगा गेलेलासुद्धा असतो. नेदरलँड्समध्ये जम्बो नावाच्या दुकानसाखळीनं २०१९ मध्ये याच्या उलट केलं. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी गप्पांचा स्वतंत्र काउंटर उघडला आणि पुढे दोनशे दुकानांत तो न्यायचं ठरवलं. आपल्या बँकांनी नोव्हेंबरात एक टेबल, एक थर्मास आणि सहा खुर्च्या मांडल्या तर काही बिघडणार नाही.

मूळ मुद्द्यावर येते. वर चढायचं कुणी?

पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मुलं काय करतात मग? मुलं काही बॉस्टनला आहेत, काही वाकडला, आणि काही पलीकडच्या खोलीत हेडफोन घालून मीटिंगमध्ये आहेत. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेलं घर परत मिळवता येतं. हा कायदा हवाच. पण न्यायाधिकरण महिन्याची रक्कम ठरवून देईल, रोज संध्याकाळी वीस मिनिटं शेजारी बसा असा हुकूम कसा काढेल? त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, म्हणजे निराधारांचा विचार झाला आहे. जिच्या डोक्यावर छप्पर आहे, खात्यात पेन्शन आहे आणि दाराची बेल दहा दिवस वाजलेली नाही, ती कुठल्याच तरतुदीत बसत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन चांगली आहे, पण तिथेही आधी कुणीतरी फोन करायला हवा. आणि 'मला करमत नाही' असं सांगायला फोन उचलण्याची आपल्या पिढीला लाज वाटते. पोटात दुखतंय असं सांगू, झोप येत नाही असं सांगू.

केरळात याचं उत्तर सापडलं, तेही आजारी माणसांच्या निमित्तानं. कोळीकोड आणि आसपासच्या भागात पंचवीसेक वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकेल अशा साध्या माणसांना शिकवून दीर्घ आजारी लोकांच्या घरी पाठवायचं. डॉक्टर-नर्स गरजेपुरते, मुख्य काम शेजाऱ्याचं. २००८ मध्ये त्या राज्यानं घरोघरी जाऊन द्यायच्या अशा सेवेचं धोरणच केलं. तिथे वाट पाहणारं केंद्र नसतं, चालत येणारा माणूस असतो.

दुसरं उदाहरण झिम्बाब्वेचं. हरारेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ मध्ये चौदा आज्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, आणि शेजारी बसून जो बोलेल त्याचं ऐकायचं. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचार करून करून डोकं शिणणं. आपली आजीही हेच म्हणाली असती. या कामाची रीतसर चाचणी होऊन २०१६ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले आणि ते चांगले होते. मला त्यातली भावलेली गोष्ट अशी, की म्हातारी माणसं तिथे मदत घेणारी नव्हती, देणारी होती. आपण ज्येष्ठांना शाल देतो, श्रीफळ देतो, सहलीला नेतो, त्यांच्यासमोर नाचगाणी करतो. त्यांच्याकडून काही मागत नाही. 'विरंगुळा' हा शब्दच बघा ना, जणू आता वेळ घालवणं एवढंच उरलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, की चढायचं साठी ते सत्तरीतल्यांनी. प्रभागातल्या संघानं अशा दहा-बारा जणी आणि जण निवडावेत, महापालिकेनं त्यांना मानधन द्यावं. मानधनावर माझा जोर आहे. फुकटचा उत्साह गणपतीपर्यंत टिकतो, फार तर दिवाळीपर्यंत. आशा सेविकांवर हे काम ढकलू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच डोंगर आहे. प्रत्येकीकडे सहा ते आठ घरं, ठरलेला वार, तेच माणूस. महिन्याच्या अहवालात किती जण केंद्रात आले याऐवजी किती जणांकडे जाऊन आलो आणि कोण येईनासं झालं, हे लिहायचं.

ही माणसं निवडताना आणखी एक खबरदारी लागेल, आणि ती आमच्या संघांना आवडणार नाही. आमचे संघ हे निवृत्त कारकुनांचे, शिक्षकांचे, बँकवाल्यांचे आहेत. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरं आहेत. सातारा-सांगलीकडून येऊन ज्यांनी आधी मुंबईत आणि मग वाशीच्या बाजारात पोती वाहिली, त्यांचे गुडघे आणि कंबर साठीआधीच गेले. गावचं घर भावाच्या ताब्यात, इथलं घर मुलाच्या, आणि म्हातारा दोन्हीकडे पाहुणा. तो आमच्या केंद्रात एकदा येतो, आमचं शेअर बाजार आणि अमेरिका ऐकतो आणि पुन्हा येत नाही. आम्ही म्हणतो, त्यांना आवड नाही. त्याच्या दारात मी जाऊन फारसा उपयोग नाही. तिथे त्याच्या गाडीवर हमाली केलेला, त्याच्या तालुक्यातला माणूस जायला हवा आणि मानधनही त्यालाच मिळायला हवं.

सुरक्षेची शंका खरी आहे. अनोळखी माणसाला दार उघडू नका, असं पोलीस सांगतात आणि बरोबर सांगतात. म्हणूनच ओळखीचा चेहरा हवा, सोसायटीच्या कमिटीनं ओळख करून दिलेला. 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच अटकेची भीती घालून लुबाडण्याच्या, बातम्या वाचताना माझ्या मनात नेहमी येतं, की हे भामटे तासन्‌तास फोनवर धरून ठेवतात आणि म्हातारी माणसं बोलत राहतात. घरात तेव्हा दुसरं कुणी असतं, किंवा तासाभरात येणार आहे हे माहीत असतं, तर इतका वेळ ते जमलं असतं का?

ज्यांना खरोखरच कुणी नको असतं अशीही माणसं आहेत. आमच्याच इमारतीत एक काका आहेत, दारातूनच "ठीक आहे" म्हणतात आणि दार लावतात. त्यांना त्यांचा एकांत लखलाभ. त्यांचं "ठीक आहे" आठवड्यातून एकदा ऐकू आलं, की माझं काम झालं.

त्या शनिवारनंतर मी तिसऱ्या मजल्यावर गेले. वाटेत दोनदा थांबले, मीही काही तरुण नाही. बाईंनी दार उघडायला वेळ लावला, मग म्हणाल्या, "वर्गणी राहिलीय का माझी?" चहा त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. बोलता बोलता कळलं की त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तीस वर्षं. आवाजावरून माणूस ओळखायच्या. इतकी वर्षं संघात एकत्र असून मला हे माहीत नव्हतं. निघताना मी सहज म्हटलं, येईनाशा झालेल्यांना कुणीतरी फोन करायला हवा हो. त्या म्हणाल्या, "यादी आणून दे."

चिटणीसांनी कुरकुरत यादी दिली, अकरा नावांची. आता त्या रोज सकाळी दहाला फोनला बसतात आणि कोण काय म्हणालं ते दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर लिहितात. परवा त्यांचा मला फोन आला, आवाज जरा वरचा होता. अकरापैकी नऊ जण बोलतात, एकाचा मुलगा म्हणतो बाबा झोपलेत, दर वेळी झोपलेलेच असतात. आणि एका वहिनींचा फोन चार दिवस बंद येतोय.

त्या वहिनींकडे मी रविवारी जाणार आहे. सानपाडा, चौथा मजला, लिफ्ट नाही.